हेइन्सा

हेइन्सा : दक्षिण कोरियातील प्राचीन बौद्ध विहार. दक्षिण ग्योंगसांग प्रांतातील हापचॉन परगण्यात, गायासान डोंगराच्या उतारावर. स्थापना इ. स. 802, सिल्ला राज्याच्या काळात. ‘सा’ म्हणजे विहार आणि ‘हेइन’ म्हणजे सागरमुद्रा. वारा पडला की समुद्राच्या पाण्यात सगळे विश्व जसेच्या तसे उमटते, तशी चित्ताची अवस्था. कल्पना अवतंसक सूत्रातली. डोंगराचे नाव आपल्या बोधगयेवरून आले असे एक मत आहे, प्राचीन गाया राज्यसंघावरून आले असे दुसरे.

बुद्ध, धम्म आणि संघ या त्रिरत्नांसाठी कोरियात एकेक विहार मानला जातो. तोंगदोसा बुद्धाचा, सोंगग्वांगसा संघाचा, तर हेइन्सा धम्माचा. कारण अख्खे त्रिपिटक इथे लाकडावर कोरलेले आहे. 81,258 फळ्या, दोन्ही बाजूंनी उलट्या अक्षरांत कोरलेल्या. एका बाजूला साधारण 23 ओळी, ओळीत 14 चिनी अक्षरे. एकूण अक्षरे पाच कोटींवर जातात. फळी सुमारे 70 सेंमी. लांब, वजनाला तीन-चार किलो. शाई लावून कागद दाबला की पान तयार.

हा खटाटोप झाला तो ऐन युद्धात. आधीचा संच मंगोलांनी 1232 मध्ये जाळला. कोरियाच्या तेव्हाच्या गोऱ्यो राजघराण्याच्या दरबाराने गांगह्वा बेटावर आश्रय घेतला आणि शत्रू हटावा म्हणून, चढाया चालू असतानाच, 1236 ते 1251 या काळात सगळे नव्याने कोरवून घेतले. मंगोल काही त्यामुळे हटले नाहीत. फळ्या मात्र राहिल्या, आणि 1398 मध्ये हेइन्साला आल्या.

त्या ठेवल्या आहेत चांगग्योंग पानजॉन या पंधराव्या शतकातील भांडारात, आणि हेइन्साचे खरे आश्चर्य हेच. ना नक्षी, ना सोनेरी छत. दोन लांबलचक लाकडी कोठारे आणि बाजूला दोन लहान. भिंतीला गजांच्या उघड्या खिडक्यांच्या दोन रांगा. समोरच्या भिंतीत खालची खिडकी मोठी, वरची लहान. मागच्या भिंतीत नेमके उलटे. त्यामुळे आत शिरलेला वारा सरळ पार न होता फळ्यांमधून फिरून बाहेर पडतो. जमिनीत माती, कोळसा, चुना आणि मीठ कुटून घातले आहे. पावसाळ्यात ती ओल शोषते, कोरड्या हवेत परत देते. विसाव्या शतकात सरकारने जवळच काँक्रीटचे आधुनिक भांडार बांधले. नमुन्यादाखल काही फळ्या तिकडे हलवल्या, पण त्या बिघडू लागल्या आणि बेत सोडावा लागला. युनेस्कोने 1995 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते या कोठारांना. फळ्यांची स्वतंत्र नोंद 2007 मध्ये झाली.

विहाराला आगी अनेकदा लागल्या. 1817 च्या आगीत बहुतेक वास्तू गेल्या, कोठारे वाचली. आजचे मुख्य मंदिर त्यानंतरचे. कोरियन युद्धात, 1951 मध्ये, परिसरात लपलेल्या गनिमांवर बाँब टाकण्याचा आदेश वैमानिक किम यंग-ह्वान यांनी पाळला नाही. त्यांचे स्मारक विहाराच्या वाटेवर आहे.

ही वाट होंग्न्यूदोंग खोऱ्यातून, ओढ्याच्या काठाने चढते. नावाचा अर्थ ‘तांबडा प्रवाह’. शरदात मेपलची पाने लाल झाली की त्यांचे प्रतिबिंब पडून पाणीच तांबडे दिसते. नवव्या शतकातील विद्वान चे ची-वॉन राजकारणाला कंटाळून इथेच येऊन राहिला, असे सांगतात. गायासान 1972 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. उंची 1,400 मी.हून थोडी अधिक, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाच्या तोलामोलाची.

देगू शहरातून बसने दीड तासात पोचता येते. फळ्या एरवी गजांआडूनच दिसतात. 2021 पासून आगाऊ नोंदणी करून मोजक्या लोकांना आत नेले जाऊ लागले. विहारात मुक्कामाचीही सोय असते. जेवण शाकाहारी, कांदा-लसूण वर्ज्य. त्यामुळे मराठी शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही. पायथ्याच्या खाणावळींत रानभाज्या घातलेला भात मिळतो. दिवसाची फेरी मारून निघणाऱ्यांचे मात्र संध्याकाळचे वादन हुकते: आधी जमिनीवरच्या प्राण्यांसाठी मोठा ढोल, मग जलचरांसाठी लाकडी मासा, पक्ष्यांसाठी ढगाच्या आकाराची धातूची थाळी, आणि नरकातल्या जीवांसाठी घंटा. ढोलापुढे भिक्षू आळीपाळीने उभे राहतात. एकाचे हात थकले की दुसरा लय न मोडता काठ्या चालवू लागतो.