झाकलेलं इंजिन, उघडं इंजिन

आमच्या हमरापुरातून कितीतरी गणपती कच्चेच बाहेर जातात. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही, नुसता घाट. रंगाखाली चूक लपते, कच्च्या मूर्तीत लपत नाही. पुतण्यानं अंगणात एप्रिलिया टुओनो ४५७ ही इटालियन मोटरसायकल उभी केली, तेव्हा मला हेच आठवलं.

इटालियन दुचाकी आपल्याकडे जुनीच. व्हेस्पा इटलीत १९४६ साली आली. तिचा कर्ता कोरादिनो दास्कानियो हा विमानं रचणारा अभियंता. मोटरसायकल त्याला आवडत नसे. म्हणून त्यानं इंजिन पत्र्याआड दडवलं. व्हेस्पा बनवणाऱ्या पिआजिओ कंपनीच्या परवान्यावर बजाजनं तीच स्कूटर पुण्यात बांधली. १९७१ साली करार संपला आणि पुढच्या वर्षी चेतक आली. वडिलांच्या चेतकवर धोतराचा सोगाही मळत नसे.

टुओनोचं सगळं उलट. दिव्याभोवती थोडं कवच, बाकी इंजिन, सांगाडा सगळं उघडं. दोन सिलिंडर, सुमारे ४७ अश्वशक्ती, वजन १७५ किलो. दोन्ही सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, म्हणून आवाजाला लंगडा ठेका आहे. इटालियनमध्ये टुओनो म्हणजे गडगडाट. २०२५ साली बाजारात आलेली ही गाडी बनते मात्र त्याच पिआजिओच्या बारामतीच्या कारखान्यात.

"काका, बसताय ना?"

मी आधी टाकीवरून बोटं फिरवली. साच्याचा सांधा कुठे हाताला लागतो का, ते बघायची सवय जात नाही.