ऊन पाण्याचे यजमान : सातपुड्यातील उनपदेव आणि दूरचे रोटोरुआ

(१/१५)
पौषातील थंडीत जळगावहून मित्रमंडळींची एखादी गाडी निघते. विदगावजवळ तापी ओलांडून, धानोरा मागे टाकून ती अडावदला पोहोचते आणि तेथून उत्तरेस सातपुड्याकडे वळते. सोबत पुऱ्या आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचे भरीत असते. मुक्कामाचे ठिकाण उनपदेव. तेथे डोंगराच्या पायथ्याशी गोमुखातून बारमाही ऊन पाणी वाहते. एका दिवसाच्या या सहलीमागे मोठा इतिहास उभा आहे.

(२/१५)
आरंभ नावापासून करावा. 'ऊन' म्हणजे उष्ण. 'ऊन ऊन भात' म्हणताना आजही हाच अर्थ असतो. रायगडातील उन्हेरे, दापोलीकडील उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे ही सारी गरम झऱ्यांचीच गावे. कोकणात उष्णतेने गावाला नाव दिले, खानदेशात ती देवाच्या नावात जाऊन बसली.

(३/१५)
चोपडा परिसरात सातपुड्याच्या कुशीत अशी तीन स्थाने प्रसिद्ध आहेत : उनपदेव, सुनपदेव आणि नाझरदेव. शेवटच्याला निझरदेव असेही म्हणतात. शहादा तालुक्यातील दरा गावाजवळ आणखी एक उनपदेव आहे. पूर्वी ही सर्व स्थाने एकाच खानदेश जिल्ह्यात होती. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले. त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आले, आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाल्यावर दरा त्या जिल्ह्यात गेले.

(४/१५)
येथे पाणी तापते कशाने? दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला, त्याचे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. ती आग केव्हाच विझली. मात्र नर्मदा, शोण आणि तापी यांच्या अनुरोधाने भूकवचात भेगांचा एक प्राचीन पट्टा आहे. पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तेथे वर येते. अमरावती जिल्ह्याच्या सीमेवरील सालबर्डीचे झरे याच पट्ट्यातले.

(५/१५)
न्यूझीलंडमधील रोटोरुआची गोष्ट निराळी आहे. तेथे पॅसिफिक भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो आणि जमिनीखालची आग आजही जिवंत आहे. पोहुतू नावाचा उष्णोदकाचा फवारा ३० मीटरपर्यंत उसळतो. हवेत गंधकाचा वास भरून राहतो. वाकारेवारेवा या माओरी वस्तीत अन्न शिजते ते जमिनीतून येणाऱ्या वाफेवर. सातपुड्यातील झरे मात्र शांत आहेत.

(६/१५)
दोन्हीकडच्या कथा पाहिल्या की हे अंतर कमी होते. खानदेशातील लोककथेनुसार वनवासी राम शरभंग ऋषींच्या आश्रमात आले. ऋषींचे शरीर व्याधीने पोखरले होते. रामाने जमिनीत बाण मारला, ऊन पाण्याचा झरा उसळला आणि त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. त्वचारोगासाठी येथे स्नान करण्याच्या श्रद्धेमागे हीच कथा आहे.

(७/१५)
ते आरावा या माओरी लोकसमूहाची कथा अशी : त्यांच्या होडीचा पुरोहित न्गातोरोइरांगी नव्या भूमीवरील पर्वताच्या शिखरावर गेला आणि हिमवाऱ्यात गारठून मृत्यूच्या दारी पोहोचला. त्याने समुद्रापलीकडच्या बहिणींना हाक घातली. बहिणी अग्नी घेऊन निघाल्या. वाटेत जेथे जेथे त्या वर आल्या, तेथे तेथे ऊन झरे राहिले.

(८/१५)
एका कथेत बाण आहे, दुसरीत बहिणींची माया. तरी मूळ भाव एकच : पीडित शरीरासाठी धरणीने ऊब दिली. दोन्ही लोकांनी झऱ्याकडे उपकार म्हणून पाहिले. १९व्या शतकात मात्र दोन्हीकडे एकाच साम्राज्याचे कायदे आले आणि त्या कायद्यांच्या लेखी झरा ही मालमत्ता होती.

(९/१५)
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्यातील वाटा भिल्लांना ठाऊक होत्या आणि त्यांचा प्रतिकार मोडणे नव्या सत्तेला कठीण जात होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यास आरंभ केला. वाटा जाणणारा माणूस असा राज्यकर्त्यांचा शिपाई झाला. पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि जंगलातील चराई, लाकूडफाटा व शेती यांवर निर्बंध पडले. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, खानदेशचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले.

(१०/१५)
त्याच १८८० साली रोटोरुआत सरकार आणि माओरी यांच्यात करार झाला. जमीन माओरींचीच राहावी आणि नगर भाडेपट्ट्याने वसावे, असे ठरले. १८८१ मध्ये उष्ण झऱ्यांच्या प्रदेशासाठी खास कायदा आला. तेथील जमीन मिळवण्याचा मार्ग त्याने केवळ सरकारसाठी मोकळा ठेवला. पुढच्या दहा वर्षांत नगराची जमीन सरकारने विकत घेतली. म्हणजे माओरींच्या वाट्यालाही न्याय आला नाही.

(११/१५)
फरक पडला तो दुसऱ्या एका गोष्टीने. तारावेरा पर्वताजवळच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या पाहण्यासाठी युरोपातून प्रवासी येत. गरम पाण्यातील सिलिकेने घडलेल्या त्या पायऱ्यांपर्यंत नेणारे वाटाडे माओरी होते, विशेषतः माओरी स्त्रिया. सोफिया हिनेरांगी ही त्यांतील सर्वांत नामांकित. पाहुण्यांना झरा दिसे तो तिच्या शब्दांतून.

(१२/१५)
१० जून १८८६ च्या पहाटेपूर्वी तारावेराचा उद्रेक झाला. पायऱ्या नाहीशा झाल्या, ते वाइरोआ गाव राखेखाली गेले आणि सुमारे १२० माणसे मृत्युमुखी पडली. सोफियाच्या भक्कम घरात साठेक माणसांनी आसरा घेतला व ती वाचली. उपजीविका गमावलेले तुहौरांगी लोक वाकारेवारेवास आले. तेथील नातेवाईक माओरींनी त्यांना जागा दिली. पाहुण्यांचे स्वागत करण्याची परंपरा त्यांनी तेथे नव्याने उभी केली.

(१३/१५)
सोफियानंतर मॅगी पापाकुरा ही वाटाडी जगभर ओळखली गेली. उतारवयात तिने ऑक्सफर्डमध्ये आपल्याच लोकांच्या जीवनाचा अभ्यास मांडला. तो ग्रंथ १९३८ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, प्रकाशित झाला. २००९ मध्ये कायदा करून वाकारेवारेवाच्या झऱ्यांची भूमी माओरींना परत देण्यात आली. जमीन हातची जाऊनही कथा त्यांच्याच मुखी राहिली होती. परत मागण्याचा हक्क त्या कथेने जिवंत ठेवला.

(१४/१५)
सातपुड्याच्या या भागात पावरा, भिल्ल आणि तडवी राहतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात ढोल घुमतात. देवमोगऱ्याची याहा मोगी आणि वाघदेव यांची पूजा होते. डोंगराचा, पाण्याचा आणि धान्याचा विचार या दैवतांत सामावलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेतच वनवासी समाजांवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि वनजमिनीवरील वैयक्तिक व सामूहिक हक्कांचा मार्ग उघडला. शिपाई आणि मजूर म्हणून नोंदला गेलेला माणूस तेव्हा प्रथमच कायद्यात हक्कदार म्हणून आला.

(१५/१५)
सायंकाळी मित्रमंडळींची गाडी परत तापीकडे वळते. अंगात उनपदेवाची ऊब असते, मनात शरभंगाची कथा असते. रोटोरुआहून परतणारा प्रवासी मात्र पाण्याबरोबर यजमानाचा शब्दही घेऊन जातो, कारण तेथे वाट दाखवणारा त्याच मातीतला असतो. सातपुड्यात पाणी आहे, वाटा आहेत आणि त्या जाणणारी माणसेही आहेत. भरिताच्या पंगतीत एखाद्या पावरा म्हाताऱ्याला मानाने बसवून त्याच्याकडून डोंगराची गोष्ट ऐकली, तर उनपदेवची सहल खऱ्या अर्थाने पाहुणचार होईल.

#खानदेश #सातपुडा #उनपदेव