मुदत २०१८ ची

गावच्या घरावरून गेल्या महिन्यात आपल्या भाऊबंदांत जी फोनाफोनी झाली, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. आज टंकून टाकतो. गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. इतिहास शिकवत होतो तेव्हा ठाऊक नव्हती, नाहीतर वर्गात नक्की सांगितली असती.

१० मार्च १९३३. संध्याकाळी सहाला पाच-सहा मिनिटं असताना लाँग बीच शहर हादरलं. सुमारे १२० माणसं गेली. विटांच्या कितीतरी शाळा कोसळल्या, पण त्या केव्हाच सुटल्या होत्या म्हणून पोरं वाचली. (मी मास्तर माणूस. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.) एका महिन्यात शाळांच्या बांधकामासाठी 'फील्ड कायदा' झाला. सळई न घालता नुसत्या विटांच्या नव्या भिंती उभारणंही थांबलं. पण आधीच उभ्या होत्या त्यांचं काय? त्या तशाच राहिल्या. १९७१ साली लॉस एंजेलिसजवळ पुन्हा मोठा भूकंप झाला, तरी त्या शहराला जुन्या इमारती मजबूत करायची सक्ती करायला १९८१ उजाडलं. आठेक हजार इमारती होत्या.

दहा वर्षं का लागली? मालकांचा विरोध. त्यांना लोभी म्हणून आपण मोकळे होतो, पण त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. खाली दुकान, वर स्वस्त भाड्याच्या खोल्या, अशा इमारती. भिंती मजल्यांना आणि छपराला लोखंडी बोल्टांनी जखडायच्या, गच्चीचे कठडे आवळायचे, तोवर दुकान बंद ठेवायचं. एवढं करून भाडं वाढत नाही, कारण भिंत दिसायला तीच! वाढवलं तर भाडेकरू जातो. म्हणून भाडेकरूसुद्धा धास्तावलेले. बँक हात आखडता घेते. आणि ज्याला हा खर्च झेपत नाही तो इमारत पाडून मोकळा होतो, म्हणजे जुनं गावच गेलं. शिवाय सगळ्यात मोठा मुद्दा, इतकी वर्षं उभी आहे की!

म्हणून मग मुदती आल्या. १९८६ च्या राज्याच्या कायद्याने गावांना एवढंच सांगितलं, की अशा इमारतींची यादी करा, मालकांना कळवा आणि पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. पासो रोब्लेस नावाच्या छोट्या गावाने मालकांना मुदत दिली २०१८ पर्यंत.

२२ डिसेंबर २००३ ला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तिथे भूकंप झाला, तीव्रता साडेसहा. नाताळ तोंडावर. गावच्या चौकातली १८९२ सालची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत रस्त्यावर कोसळली. तिच्यातल्या दुकानात काम करणाऱ्या दोन बायका बाहेर पळत असतानाच ढिगाऱ्याखाली सापडल्या. प्रकरण कोर्टात गेलं. मालक म्हणाले, आम्हांला २०१८ पर्यंत मुदत होती. ज्यूरीने त्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं आणि २०१० साली वरच्या कोर्टानेही ते उचलून धरलं. गावाने दिलेल्या मुदतीमुळे मालकाची जबाबदारी संपत नाही, असा त्याचा अर्थ. लेकीकडे गेलो होतो तेव्हा त्या चौकात तासभर बसलो होतो. छान झाडं आहेत. सौ. म्हणाली, "अहो, इतके गप्प का?"

गप्प होतो कारण मला आपलं घर दिसत होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी. गणपती बोळवून लोक झोपले होते. दहाएक हजार माणसं गेली, ती बहुतेक जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. आपलं घर चराचरा फाटलं, पण उभं राहिलं. मग सरकारची मजबुतीकरणाची योजना आली, लाखाहून जास्त घरांसाठी. माळवदावरची माती कमी करा, दोन पदरी भिंत आरपार सांधा, वरून पट्टा घाला, असं इंजिनियर पटवून सांगत होता. आपण काय केलं? गावातल्या बहुतेकांनी केलं तेच. अनुदानातून परसात एक नवी खोली बांधली, जुन्या भिंतीच्या भेगा मातीने लिंपल्या. आई त्या नव्या खोलीत एक रात्रही झोपली नाही. ज्वारीची पोती मात्र सुखाने झोपली. तेव्हा थोरल्या भावाला "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा मीच होतो.

आता त्या ओसरीवर संध्याकाळी पंधरा-वीस पोरं शिकवणीला बसतात. भाडं महिना सहाशे रुपये, वाटेकरी सात. फोनवर प्रत्येकाने जे सांगितलं (खर्च कोण करणार, पाडायचं तर आहेच, आजवर काही झालं नाही) ते सगळं लॉस एंजेलिसच्या मालकांनी आधीच सांगून झालेलं आहे. आणि त्यांच्याइतकंच आपलंही खरं आहे. माझ्या पेन्शनीत ते काम होणार नाही.

पण रस्त्याकडची भिंत मधोमध फुगली आहे, हे मी दसऱ्याला स्वतः हात लावून पाहिलं. शिकवणीवाल्या बाईंना मी परवा फोन करून पोरांना मारुतीच्या देवळात बसवा असं सांगितलं. म्हणजे सहाशे रुपये बंद. कोणाची हरकत असेल तर दिवाळीला भेटू तेव्हा बोला. त्या वेळी इंजिनियरलाही बोलावलं आहे, त्याची फी मी देतो.