बाहेरचं दार स्वतः बसवताना: माप चौकटीचं, रंग सगळ्या कडांना

जुलैत दार फुगतं, ओढून-ढकलून लागत नाही, म्हणून सुतार बोलावून रंधा मारून घ्यायचा; आणि मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून रस्ता दिसायला लागतो. खानापूर-चंदगडच्या पावसाळी पट्ट्यापासून गोव्यापर्यंत ही तक्रार नवीन नाही. दोष लाकडाला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा चूक दार बसवतानाच झालेली असते: माप जुन्या दाराचं घेतलेलं असतं आणि वरच्या-खालच्या कडेला रंगाचा हातच लागलेला नसतो. या दोन गोष्टी सांभाळल्या तर चौकट शाबूत असलेल्या घरात बाहेरचं दार घरच्या घरी बदलता येतं. दोन माणसं, एक पूर्ण दिवस आणि पुढे दिलेली हत्यारं एवढं हाताशी हवं.

आधी चौकट तपासा

दार नवीन आणि चौकट कुजकी असेल तर पैसे पाण्यात. चौकटीच्या दोन्ही उभ्या लाकडांचा खालचा अर्धा फूट स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. लाकडावर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, भिंतीकडून मातीच्या बारीक नळ्या चढल्यात का, हे बघा. त्या वाळवीच्या वाटा असतात. हाताने जोरात हलवल्यावर चौकट भिंतीत हलत असेल तर आतल्या होल्डफास्टची पकड सुटलेली आहे.

मग ओळंबा लावा. दोन्ही उभी लाकडं समोरून आणि बाजूने सरळ उभी आहेत का ते कळतं. त्यानंतर टेपने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकं माप घ्या, मग दुसरं. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. फरक दोन सुतांपर्यंत असेल तर दाराची कड तशी तासून चालतं. त्याहून जास्त असेल, किंवा चौकट कुजलेली असेल, तर हे काम गवंडी आणि सुताराचं. मातीच्या भिंतीच्या जुन्या घरात तर चौकट स्वतः काढूच नका, वरच्या भिंतीचा भार तिच्यावर असू शकतो.

माप कसं घ्यायचं

आपल्याकडचे सुतार अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे एक अष्टमांश इंच, जवळपास ३ मिलिमीटर. दुकानदार इंचात बोलतो, कंपनीचा कागद मिलिमीटरमध्ये असतो. तुम्ही सुरुवातीपासून मिलिमीटर धरा, गोंधळ होत नाही.

जुनं दार मोजू नका. ते आधीच दोनदा तासलेलं असेल. चौकटीच्या खाचेत, म्हणजे दार आत जाऊन जिथे टेकतं तिथे, रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. उंची डावीकडे आणि उजवीकडे मोजा. प्रत्येकातलं सगळ्यात लहान माप धरा.

समजा रुंदी ९११, ९०९ आणि ९१० मिलिमीटर आली. ९०९ धरायचे. दोन्ही बाजूंना एकेक सूत फट, म्हणून ६ वजा; दार ९०३ मिलिमीटर रुंद. उंची २०६२ आली तर वर एक सूत आणि खाली दोन सूत, एकूण ९ वजा. दार २०५३ मिलिमीटर उंच. या मापाला ८१ इंच बाय ३६ इंचाचं तयार दार चालतं, कारण ते २०५७ बाय ९१४ असतं. रुंदीत ११ मिलिमीटर काढायचे, तेही दोन्ही कडांतून निम्मे-निम्मे.

एक गोष्ट विसरली जाते. दार आत उघडतं तिथली फरशी चढती आहे का, नंतर टाइल बसवणार आहात का, हे आधीच बघा. दार पूर्ण उघडताना फरशीला घासलं तर खालून पुन्हा कापावं लागतं.

हंगामाचं गणित

लाकूड पावसाळ्यात आडवं फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. उभ्या लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये सागवानी फळ्यांचं दार बसवत असाल तर कुलपाच्या बाजूला फट सव्वा ते दीड सूत ठेवा, फुगायला जागा राहील. भर पावसात बसवत असाल तर एक सूतही पुरे, कारण लाकूड आधीच फुगलेलं आहे. फ्लश दारात थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे हा फरक कमी असतो.

काम पावसाआधी उरकलेलं बरं. गोवा आणि बेळगाव भागात मान्सून साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, इंदूर-बडोद्याकडे त्यानंतर. रंग सुकायला कोरडे दिवस लागतात हे धरून तारीख ठरवा.

दार घेताना

बाहेरच्या दारासाठी दोन सरळ पर्याय आहेत: सागवानी फळ्यांचं किंवा भरीव फ्लश दार. आत कागदी जाळी असलेलं पोकळ दार फक्त आतल्या खोल्यांसाठी. ते बाहेर लावलं तर एक पावसाळाही नीट काढत नाही, आणि चोराला एक लाथ पुरते.

फ्लश दार घेताना आयएसआय खूण आणि आयएस २२०२ हा क्रमांक बघा. गोंद उकळत्या पाण्याला टिकणारा, म्हणजे दुकानाच्या भाषेत बीडब्ल्यूपी, असा मागा. जाडी ३५ मिलिमीटरपेक्षा कमी नको. फ्लश दाराच्या कडेला आत लाकडी पट्टी असते, कापायचं ते तेवढ्यातच. कडेला पाऊण इंच कापावं लागेल असं मोठं दार स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

बिल पक्कं घ्या. वाळवी आणि किडीची हमी असेल तर ती बिलावर किंवा कार्डावर लिहून घ्या. तोंडी हमी दोन वर्षांनी कुणाला आठवत नाही. अशा हमीत दाराच्या सगळ्या कडांना रंग लावल्याची अट असू शकते, तीही वाचा.

सीमेपलीकडे जाऊन खरेदी करणाऱ्यांसाठी: दाराला कन्नडमध्ये बागिलु म्हणतात, उंबरठ्याला होस्तिलु. इंदूर-ग्वाल्हेरला बिजागरी मागताना कब्जा म्हणा, बडोद्याला मिजागरू. चौकटीला गुजरातीत बारसाख म्हणतात.

दार घरी आणल्यावर भिंतीला तिरकं टेकवून ठेवू नका, बाक येतो. तीन सारख्या पट्ट्यांवर आडवं ठेवा आणि आठवडाभर घरच्या हवेत राहू द्या.

लागणारं सामान

टेप, गुण्या, ओळंबा, करवत, रंधा, पाऊण इंची पटाशी, हातोडा, ड्रिल मशीन, स्क्रूड्रायव्हर, चार लाकडी पाचरी, ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या काही पट्ट्या, पॉलिश पेपर, प्रायमर. तीन बिजागऱ्या, चार किंवा पाच इंची. दोन बिजागऱ्यांवर भागवू नका: ३५ मिलिमीटर जाडीचं भरीव दार ३५ ते ४० किलो भरतं. समुद्राजवळच्या घरात स्टेनलेस स्टील किंवा पितळ घ्या. साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं. स्क्रूही त्याच धातूचे घ्या.

जुनं दार काढणं

सकाळी सुरुवात करा, म्हणजे संध्याकाळी घर उघडं राहणार नाही. दार अर्धं उघडून खाली पाचरी ठोका, वजन पाचरींवर येऊ द्या. दुसऱ्याने दार धरायचं. आधी खालची बिजागरी सोडवा, मग मधली, सगळ्यात शेवटी वरची. उलटं केलं तर दार अंगावर येतं. स्क्रू गंजलेले असतील तर खाचेतला रंग खरवडा, तेलाचे दोन थेंब सोडा, अर्धा तास थांबा आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवून मागून हातोडीने दोन टोले द्या. मग सुटतात.

कापणं आणि कडा बंद करणं

कापायच्या रेषेवर आधी सुरीने खोल ओरखडा मारा, वरचा पातळ थर उडत नाही. वरची-खालची कड तासताना रंधा कोपऱ्याकडून मध्याकडे चालवा. कोपऱ्याबाहेर गेला तर टोक फाटतं. कुलपाच्या बाजूची कड किंचित तिरकी हवी: दार आत उघडणारं असेल तर बाहेरून दिसणारी बाजू पाऊण सूत कमी. नाहीतर फट बरोबर असूनही बंद करताना कोपरा अडतो.

यानंतर घाई नको. वरची, खालची आणि दोन्ही उभ्या कडा पॉलिश पेपरने साफ करून प्रायमरचे दोन हात द्या, सुकू द्या. हे एका दिवसात होत नाही, म्हणून कापणं आणि प्रायमर जुनं दार जागेवर असतानाच उरका. दार उभं राहिल्यावर खालच्या कडेला ब्रश पोचत नाही आणि वरची कड कुणाला दिसत नाही. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी सगळ्यात जास्त शिरतं, आणि पाऊस उडतो तो नेमका खालच्या कडेवर. फुगणाऱ्या दाराचं मूळ इथे आहे.

बिजागऱ्या

वरची बिजागरी वरून आठ इंचांवर, खालची खालून दहा इंचांवर, मधली दोघींच्या मधोमध. चौकटीत जुन्या खाचा चांगल्या असतील तर दारावर त्याच उंचीला खुणा करा. नसतील तर जुन्या खाचा लाकडी तुकड्यांनी गोंद लावून भरा आणि नव्या पाडा.

खाच बिजागरीच्या पात्याच्या जाडीइतकीच खोल हवी. जास्त खोल गेली तर दार बंद करताना चौकटीवर ताण येतो आणि ते आपोआप उघडू बघतं. अशा वेळी पात्यामागे जाड पुठ्ठ्याची पट्टी घाला. स्क्रूच्या जागी स्क्रूपेक्षा बारीक छिद्र आधी पाडा. हातोडीने स्क्रू ठोकू नका, पकड राहत नाही.

बिजागऱ्या आधी दारावर बसवा. मग दार पाचरींवर चढवून चौकटीत उभं करा, वर आणि बाजूला प्लायच्या पट्ट्या घालून फट सारखी करा. प्रत्येक बिजागरीला चौकटीत एकच स्क्रू लावा. दार चार वेळा उघडून-मिटून बघा. सगळं जुळलं तरच बाकीचे स्क्रू.

कुलूप, कडी आणि खालची फट

आल्ड्रॉप बाहेरून नुसत्या स्क्रूवर लावलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरवाला चोर तो दोन मिनिटांत काढतो. आरपार नट-बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला. कुलपाची जीभ चौकटीत जिथे शिरते तिथली पट्टी छोट्या स्क्रूवर ठेवू नका, लांब स्क्रूंनी मुख्य लाकडात पकडा. छिद्रांच्या आतही प्रायमर लावा.

खालून पाणी आत येत असेल तर बाहेरच्या बाजूला खाली पाणी गाळणारी तिरकी पट्टी आणि आतून रबरी पट्टी बसवा. पावसाळ्यात विंचू-साप याच फटीतून येतात. तोरणाचा खिळा चौकटीवर ठोका, दारात नको. रंगाला पडलेलं प्रत्येक भोक पाण्याची वाट असते.

पहिल्या पावसात

दार अडायला लागलं की लगेच रंधा उचलू नका. कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा अडत किंवा खालचा कोपरा फरशीला घासत असेल तर दार फुगलेलं नाही, वरची बिजागरी ढिली झालेली आहे. स्क्रू आवळा. भोक मोठं झालं असेल तर गोंद लावलेली लाकडी काडी ठोकून भरा आणि सुकल्यावर स्क्रू पुन्हा लावा. उभी कड वरपासून खालपर्यंत सारखी घासत असेल तरच ते फुगणं. तेव्हा अडतंय तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि चार-पाच कोरडे दिवस थांबा. त्यानंतरही अडलं तर खुणेपुरतंच तासा, आणि तासलेल्या जागेला त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडं लाकूड ठेवलं तर पुढच्या जुलैत रंधा पुन्हा शोधावा लागेल.