खुल्या फोनच्या शोधात : हाराल्ड वेल्टे

मार्च २००५. जर्मनीतल्या हानोफर शहरात ‘सेबिट’ हे संगणक उद्योगाचे अवाढव्य प्रदर्शन भरले होते. मोठमोठ्या कंपन्यांची दालने, नवी यंत्रे, ग्राहकांची वाट पाहणारे सुटाबुटातले अधिकारी. त्या गर्दीत एक तरुण प्रोग्रामर पत्रे घेऊन दालनामागून दालन फिरत होता. एकूण १३ कंपन्यांना त्याने पत्र दिले. आशय साधा होता. तुमच्या यंत्रांत मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते वापरण्याची एक अट आहे आणि ती अट तुम्ही पाळलेली नाही.

या तरुणाचे नाव हाराल्ड वेल्टे. इंटरनेटवर तो ‘लाफोर्ज’ या टोपणनावाने ओळखला जाई. लिनक्समधल्या ‘नेटफिल्टर’ या भागाची देखभाल करणाऱ्या गटाचे ते प्रमुख होते. नेटफिल्टर म्हणजे जकात नाक्यावरचा शिपाई समजा. इंटरनेटवरून येणारे माहितीचे प्रत्येक पुडके तो पाहतो, कोणाला आत सोडायचे, कोणाला अडवायचे, कोणाचा पत्ता बदलून पुढे पाठवायचे हे ठरवतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, त्यामुळे हा शिपाई आपल्या खिशातही आहे. आपण फोनचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉपला इंटरनेट देतो तेव्हा आत त्याचीच ड्युटी चालू असते. वेल्टे यांचे नाव न ऐकलेले कोट्यवधी लोक त्यांच्या हातची मेहनत रोज वापरत आले आहेत.

इथे एका शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणतात आणि फ्री म्हटले की इंग्रजांनाच कळत नाही, स्वतंत्र की फुकट? आपण या बाबतीत नशीबवान. मराठीत ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. उर्दूत ‘आझाद’ वेगळे, ‘मुफ्त’ वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये जी चळवळ सुरू केली ती आझाद सॉफ्टवेअरची. तिचा परवाना ‘जीपीएल’ या नावाने ओळखला जातो. त्याचे तत्त्व गावच्या विहिरीसारखे आहे. पाणी कुणीही शेंदावे, विकावेसुद्धा. पण विहिरीला स्वतःचे कुलूप लावायचे नाही. म्हणजे असे सॉफ्टवेअर यंत्रात घालून विकणाऱ्याने त्याचा मूळ लिखित कोड ग्राहकाला मागताच दिला पाहिजे.

कंपन्या पाणी शेंदत होत्या आणि कुलूपही लावत होत्या. राउटरसारख्या शेकडो उपकरणांत लिनक्स होते, कोड मात्र कुणी देत नव्हते. हा परवाना न्यायालयात टिकणारच नाही, अशी अनेक वकिलांची खात्री होती. वेल्टे यांनी ती मोडून काढली. नेदरलँड्सच्या सिटेकॉम कंपनीविरुद्ध ते म्युनिकच्या न्यायालयात गेले. एप्रिल २००४मध्ये न्यायालयाने कंपनीला मनाई हुकूम बजावला आणि पुढच्याच महिन्यात तो कायम केला. जीपीएल न्यायालयात ग्राह्य ठरल्याच्या जगातल्या अगदी पहिल्या निकालांत त्याची गणना होते. २००६मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयात डी-लिंकचाही हाच परवाना बंधनकारक नसल्याचा युक्तिवाद फेटाळला गेला. बहुतेक प्रकरणे मात्र न्यायालयाबाहेरच मिटली. काही तडजोडींत कंपन्यांनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थांना देणग्या दिल्या. कोडसाठी भांडणारा हा माणूस पैशासाठी भांडत नव्हता, हे त्यावरून लोकांना कळले.

फोनकडे वळताना

राउटरचे भांडण चालू असतानाच वेल्टे यांच्या हाती मोटोरोलाचा ए-७८० हा फोन आला. त्यात लिनक्स होते. पण फोन विकत घेणाऱ्याला त्या लिनक्सपर्यंत पोहोचता येत नव्हते. वापरायला मिळत ते जावाचे छोटे प्रोग्राम. घर आपले, चाव्या बिल्डरकडे, असा प्रकार. वेल्टे आणि त्यांच्या मित्रांनी ‘ओपन-ईझेडएक्स’ नावाचा प्रकल्प काढून तो फोन आतून समजून घ्यायला सुरुवात केली. हे काम किती कष्टाचे असते याची कल्पना यावी म्हणून सांगतो. चिपची माहितीपत्रके मिळत नाहीत, कुठली तार कुठे जाते ते मोजमाप करून शोधावे लागते आणि तुम्हाला सारे उमगेपर्यंत तो फोन बाजारातून गेलेला असतो.

मग एकच उपाय उरतो. फोन पहिल्यापासूनच खुला बनवायचा.

नोव्हेंबर २००६मध्ये तैवानच्या एफआयसी या कंपनीने अशा फोनची घोषणा केली. प्रकल्पाचे नाव ‘ओपनमोको’, त्याचे प्रमुख शॉन मॉस-पुल्ट्झ आणि आतली सारी रचना आखणाऱ्यांत मुख्य हाराल्ड वेल्टे. फोनचे नाव ठेवले ‘निओ १९७३’. त्या वर्षी ३ एप्रिलला न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाईलवरून पहिला कॉल केला होता. त्याची ती आठवण.

जुलै २००७मध्ये निओ १९७३ प्रोग्रामर मंडळींच्या हाती पडला. किंमत ३०० डॉलर. थोडे जास्त मोजले तर सोबत तपासणीचा बोर्ड, अवजारे आणि चक्क गिटार वाजवायची नखी मिळे. ती कशासाठी? फोनचे झाकण उघडण्यासाठी! ग्राहकाने फोन उघडला की वॉरंटी रद्द करणाऱ्या जगात एक कंपनी उघडायचे साधन स्वतःहून देत होती. पुढे तिने फोनच्या बाह्य आवरणाचे आराखडेही खुले केले.

नेमक्या याच उन्हाळ्यात, २९ जून २००७ला, अमेरिकेत आयफोन विक्रीला आला होता. देखणा, गुळगुळीत आणि कडेकोट बंद. सुरुवातीला त्यावर बाहेरच्या कुणालाही स्वतःचे अॅप चढवता येत नव्हते. नोव्हेंबरमध्ये गुगलने अँड्रॉइड जाहीर केले. एकाच वर्षात मोबाईलचे तीन रस्ते जगापुढे होते. जग कोणत्या दोन रस्त्यांनी गेले, ते आपण जाणतो.

तिसरा रस्ता का खचला?

वेल्टे २००७ संपता संपता ओपनमोकोतून बाहेर पडले. त्याच वर्षासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला, त्यात परवान्याच्या लढ्याबरोबर या फोनचाही वाटा होता. २००८च्या मध्याला पुढचा फोन ‘फ्रीरनर’ ३९९ डॉलरला आला. ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, वाय-फाय, जीपीएस. पण थ्री-जी नव्हते. काही फोनांत समोरच्याला आपल्या आवाजाबरोबर गुणगुण ऐकू जाई. हौशी लोक एकत्र जमून, डाग देऊन ती दुरुस्त करून घेत. चित्रे दाखवणारी चिप मंद होती. आणि सगळ्यात घातक म्हणजे सॉफ्टवेअरचा पाया दोन वर्षांत पुनःपुन्हा बदलला गेला. फोनवर बाकी सारे करता येई, पण फोन करणे भरवशाचे नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअरचे चाहते या अपयशाचे खापर बड्या कंपन्यांवर फोडतात. मला ते पूर्ण पटत नाही. सामान्य माणूस फोन घेतो तो आईशी बोलायला. स्वातंत्र्य हवेच, पण आधी आवाज नीट ऐकू आला पाहिजे. ओपनमोकोने हा क्रम चुकवला. एप्रिल २००९मध्ये कंपनीने पुढच्या फोनचे काम थांबवले, माणसे कमी केली आणि त्याच वर्षी ‘विकिरीडर’ नावाचे विकिपीडिया वाचायचे छोटे यंत्र बाजारात आणले.

तरी या फोनने एक गोष्ट उघड्यावर आणली. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये दोन संगणक असतात. एक आपल्याला दिसतो, ज्यावर अॅप चालतात. दुसऱ्याला बेसबँड किंवा मोडेम म्हणतात. टॉवरशी बोलणे, कॉल लावणे, एसएमएस पोहोचवणे हे त्याचे काम आणि त्याचे सॉफ्टवेअर वेगळे असते. जगातल्या सर्वाधिक खुल्या फोनमध्येही ही एक खोली बंदच राहिली होती. फ्रीरनरमधला मोडेम टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘कॅलिप्सो’ चिपवर चालत होता आणि त्याचा कोड गुप्त होता. वेल्टे आणि मंडळींनी एवढी काळजी घेतली होती की मोडेमला मुख्य संगणकापासून वेगळे ठेवून मध्ये फक्त एक अरुंद तार सोडली होती. पाहुण्यावर भरवसा नसेल तर त्याला ओसरीत बसवावे, माजघरात नव्हे. नंतर आलेल्या कित्येक फोनांत तर दोन्ही संगणक एकाच चिपवर, कधी एकच मेमरी वाटून घेत बसले.

बंद खोलीचे दार

फोन बनवून दार उघडले नाही, तेव्हा वेल्टे दुसऱ्या बाजूने गेले. टॉवरच्या बाजूने.

जीएसएमचे नियम कागदावर खुले होते, हजारो पानांचे. पण ते नियम प्रत्यक्षात उतरवणारे सॉफ्टवेअर जगभरात मूठभर कंपन्यांकडेच होते. इंटरनेटची तपासणी हजारो स्वतंत्र डोळ्यांनी झाली. अब्जावधी लोक ज्यावर बोलतात त्या मोबाईल जाळ्याची झालीच नाही. वेल्टे आणि डिटर श्पार यांनी सेवेतून काढलेला सीमेन्सचा ‘बीएस-११’ हा जुना जड पेटारा मिळवला आणि तो चालवणारे सॉफ्टवेअर स्वतः लिहिले, ‘ओपनबीएससी’. डिसेंबर २००८मध्ये बर्लिनच्या केऑस कम्प्युटर क्लबच्या संमेलनात ते जगापुढे आले. पुढच्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्सच्या एका शिबिरात मोकळ्या मैदानावर, झाडाचा आधार घेऊन त्यांनी स्वतःचे मोबाईल जाळे चालवून दाखवले.

२०१०मध्ये ‘ओस्मोकॉमबीबी’ आले. हे फोनच्या बाजूचे सॉफ्टवेअर, म्हणजे त्या बंद खोलीतलेच. आणि गंमत बघा, त्यासाठी चिप निवडली ती कॅलिप्सो, जी फ्रीरनरमध्ये बंद राहिली होती तीच. ती मोटोरोलाच्या सी-११५, सी-११८, सी-१२३ अशा अगदी स्वस्त फोनांतही होती. सी-११५ आपल्याकडेही विकला जाई. छोटा पडदा, आकड्यांची बटणे, रिचार्जपुरते काम. तो टाकाऊ डबा केबलने संगणकाला जोडला की त्यावर खुल्या सॉफ्टवेअरने कॉल करता येऊ लागला.

त्याच डिसेंबरात कार्स्टन नोल आणि सिल्व्हाँ म्युनो यांनी असेच स्वस्त फोन वापरून जीएसएमवरचे संभाषण ऐकता येते हे भर सभेत दाखवले. जीएसएमची एक जुनी खोट आहे. टॉवर फोनची ओळख तपासतो, पण फोनला टॉवरची ओळख तपासता येत नाही. कुणी खोटा टॉवर उभा केला तर टू-जी फोन निमूटपणे त्याला जोडला जातो. असे खोटे टॉवर बनवणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक बहुधा सरकारे असतात. आपला समाज, आपली वस्ती पाळतीखाली असल्याची भीती ज्यांच्या मनात असते, त्यांना ही बाब तंत्रज्ञांची किरकोळ चर्चा वाटणार नाही. सामान्य नागरिकाला हे कळले ते बंद खोली उघडणाऱ्यांमुळे.

२०११मध्ये वेल्टे यांनी होल्गर फ्रायटर यांच्यासह बर्लिनमध्ये ‘सिस्मोकॉम’ कंपनी काढली. खुल्या सॉफ्टवेअरवर मोबाईल जाळी उभारून देणे हा तिचा धंदा. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या डोंगरी गावांची कथा इथेच येऊन मिळते. तालेआ दे कास्त्रो हे झापोटेक आदिवासींचे गाव. वस्ती अडीच हजारांच्या आसपास. मोठ्या कंपन्यांना तिथे टॉवर लावणे परवडत नव्हते. २०१३मध्ये रायझोमाटिका या संस्थेच्या मदतीने गावाने स्वतःचे मोबाईल जाळे उभारले. मग आजूबाजूची गावे जोडली गेली आणि त्यांच्या जाळ्यात ओस्मोकॉम परिवाराचे सॉफ्टवेअर चालू लागले. दर महिन्याचे शुल्क ठरवणारी गावाची सभा. २०१६मध्ये मेक्सिको सरकारने या आदिवासी संस्थेला रीतसर लहरींचा परवाना दिला. खुल्या फोनचे स्वप्न पाहणाऱ्याच्या हातून खुले टॉवर उभे राहिले होते.

आपल्या हातातला फोन

आपल्याकडे २०१७मध्ये जिओफोन आला. त्यातली कायओएस ही प्रणाली मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसपासून निघालेली, म्हणजे मूळ बीज खुले. हाती आला तो फोन मात्र बंद. अँड्रॉइडचीही तीच तऱ्हा. मूळ कोड खुला आहे, वेल्टे यांच्यासारख्यांच्या दट्ट्यामुळे बऱ्याच कंपन्या लिनक्सचा आपला भाग प्रसिद्धही करतात. पण बहुतेक फोनचा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना आत कोण येणार ते ठरवणारा दरवान, कंपनीचाच नोकर असतो. कोड वाचा, बदला, पण आपल्याच फोनवर चढवू नका!

याचा फटका कसा बसतो ते २०२०च्या टाळेबंदीत पाहिले. वर्ग मोबाईलवर आले आणि माझ्या काही विद्यार्थ्यांच्या घरी अभ्यासाचे अॅप उघडेचना. फोन धडधाकट, काच शाबूत, बॅटरी ठीक. फक्त अँड्रॉइड जुने. कंपनीने नवी आवृत्ती देणे थांबवले होते. मजुरी करणाऱ्या बापाने चालता फोन बाजूला ठेवून हप्त्याने नवा घेतला. तोच फोन खुला असता तर गल्लीतल्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या पोरांनी दोनशे रुपयांत नवी प्रणाली चढवून दिली असती, यात मला शंका नाही. ती पोरे बंद फोनांतही काय काय करतात ते आपण पाहतोच.

जुने फोन दहा वर्षे चालावेत या हेतूने २०१७मध्ये ‘पोस्टमार्केट ओएस’ सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्युरिझम कंपनीने ‘लिब्रेम ५’साठी लोकांकडून २० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. त्यात मोडेम, वाय-फाय आणि कॅमेरा-माईक यांचा वीजपुरवठा तोडणारी खरीखुरी बटणे आहेत. २०२०च्या आसपास ‘पाइनफोन’ आला, तोही फ्रीरनरपेक्षा स्वस्त. दोन्हींत मोडेम वेगळा, ओसरीत बसवलेला. वेल्टे यांनी २००६मध्ये आखलेली रेघ तशीच पुढे गेली आहे. मोडेमचा मुख्य कोड मात्र या दोन्ही फोनांतही बंदच आहे. फोर-जी आणि फाइव्ह-जीच्या चिपमध्ये शिरणे कॅलिप्सोपेक्षा कितीतरी अवघड झाले आहे. आणि ज्या टू-जीचे दार मोठ्या कष्टाने उघडले, ते टू-जीच अनेक देशांतल्या कंपन्या एकेक करून बंद करत आहेत.