हॅमायसिन

कवकजन्य विकारांवरील प्रतिजैविक औषध. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील व 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या पिंपरी (पुणे) येथील कारखान्यात, एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील ज्या स्ट्रेप्टोमायसीज सूक्ष्मजीवापासून हे द्रव्य मिळविले, त्याच्या ‘पिम्प्रिना’ या जातिनामात त्या गावाची नोंद कायमची दाखल झाली आहे. पिवळसर, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे हे द्रव्य कवकाच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला चिकटून पटलास जणू छिद्रे पाडते, त्यांतून पोटॅशियम पाझरते व कवक मरते. जीवाणूंच्या पटलात अर्गोस्टेरॉलच नसल्याने त्यांच्यापुढे मात्र ते निष्प्रभ ठरते. तान्ह्या मुलांच्या जिभेवर विरजलेल्या दह्यासारखा जो पांढरा थर धरतो, त्या कँडिडाजन्य मुखपाकावर ते लावीत. आतड्यातून अल्प शोषण होत असल्याने खोलवरच्या रोगांत त्याचा उपयोग मर्यादितच राहिला.