डूलाचे प्रशिक्षण घेताना प्रसूतीच्या वेळी सोबत राहण्याचा अनुभव कसा मिळवाल?

डूला म्हणजे बाळंतपणाच्या वेळी मातेजवळ सतत थांबून तिला धीर देणारी प्रशिक्षित सोबतीण. ती डॉक्टर, परिचारिका किंवा सुईण नसते. तपासणी करणे, औषध देणे किंवा बाळंतपण करणे हे तिचे काम नाही. सरकारी आरोग्य संस्थांमध्ये ‘डूला’ नावाचे पद नाही. त्यामुळे खासगी संस्थेचे प्रमाणपत्र घेतले तरी त्यावर सरकारी नोकरी मिळत नाही आणि प्रसूती कक्षात जाण्याचा हक्कही मिळत नाही. असे आश्वासन देऊन कोणी शुल्क मागत असेल, तर पैसे भरण्यापूर्वी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

सरकारी रुग्णालयात सोबत कोणाला राहता येते?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षात सोबतीणीला परवानगी दिली. या सूचनांनुसार सोबतीण ही मातेची स्त्री नातेवाईक असावी आणि शक्यतो तिने स्वतः बाळंतपण अनुभवलेले असावे. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत आणि प्रसूती पूर्ण होईपर्यंत थांबण्याची तयारी असावी. कर्मचाऱ्यांच्या कामात तिने हस्तक्षेप करू नये, तसेच कक्षातील इतर मातांकडे जाऊ नये. जेथे पडदे व खासगीपणाची व्यवस्था आहे, तेथे पतीलाही सोबत राहता येते. 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूती कक्ष सुधारणा कार्यक्रमातही सोबतीणीचा समावेश आहे.

प्रशिक्षणार्थींच्या दृष्टीने यातील ‘नातेवाईक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अनोळखी मातेसोबत आत जाण्याची तरतूद या सूचनांमध्ये नाही. म्हणून सुरुवात घरातूनच करावी: बहीण, जाऊ, नणंद, भाची. मात्र सोबतीणीची जागा एकच असते. मातेला आपली आई किंवा पती जवळ हवा असेल, तर ती जागा तुमच्या अनुभवासाठी मागू नका. सासूने ‘हिलाच ने’ असे सांगितले, तरी गरोदर मातेला एकटीला विचारून तिची संमती घ्या.

सातव्या-आठव्या महिन्याच्या तपासणीला तिच्यासोबत जा. सोबतीणीबाबत त्या रुग्णालयाची पद्धत काय आहे, हे तेथील परिचारिकेला विचारा. ऐन कळा सुरू झाल्यावर दारात परवानगीसाठी वाद घालून उपयोग होत नाही. माता व बाल संरक्षण कार्ड आणि तपासण्यांचे कागद एका पिशवीत तयार ठेवा. हैदराबाद, सुरत किंवा बेळगावसारख्या ठिकाणी मातेला तेथील भाषा येत नसेल, तर परिचारिकेचे म्हणणे तिला मराठीत समजावून सांगणे हीच मोठी मदत ठरते.

सोबत असताना काय करावे, काय टाळावे?

पाठ व कंबर चोळणे, कर्मचाऱ्यांना विचारून पाणी किंवा हलका आहार देणे, उठून चालायला आधार देणे, श्वास सावकाश घ्यायला सांगणे, एवढेच करायचे असते. पण ते तासन् तास करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचे तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यानंतर ते पूर्ण उघडेपर्यंतचा काळ पहिलटकरणीत साधारणपणे 12 तासांपेक्षा अधिक नसतो, पण तोपर्यंत लांबू शकतो. त्याआधीच्या कळांचा काळ वेगळा. घाई करू नका आणि ‘अजून किती वेळ’ असे वारंवार विचारू नका.

पोट दाबू नका आणि कोणालाही दाबायला सांगू नका. काढा, गोळी किंवा कळा वाढवणारे इंजेक्शन बाहेरून आणू नका. खूप रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी दिसली, तर लगेच परिचारिकेला बोलवा. फोटो काढू नका. बाळ जन्मल्यावर पहिल्या तासात स्तनपान सुरू होण्यास मदत करा. प्रशिक्षणासाठी नोंदवही ठेवायची असल्यास मातेची परवानगी घ्या आणि तिचे नाव लिहू नका. तारीख, कळांचा कालावधी आणि तुम्ही काय मदत केली, एवढी नोंद पुरते.

नात्यात कोणी गरोदर नसल्यास

आशा स्वयंसेविका हा दुसरा मार्ग आहे, पण तो सर्वांना खुला नाही. आशा त्याच गावची रहिवासी असावी लागते. साधारण 25 ते 45 वयोगटातील विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित महिलेला प्राधान्य असते आणि जागा रिक्त असेल तरच निवड होते. गरोदर मातेची नोंदणी, तपासण्या आणि प्रसूतीसाठी रुग्णालयात सोबत जाणे ही तिची कामे आहेत. जननी सुरक्षा योजनेत आशाला यासाठी ग्रामीण भागात 600 रुपये व शहरी भागात 400 रुपये मानधन आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यावर 42 व्या दिवसापर्यंत ती 6 गृहभेटी देते. प्रसूतिपूर्व मार्गदर्शक व्हायचे असल्यास या भेटींतून मिळणारा अनुभव प्रसूती कक्षातील अनुभवापेक्षा कमी नाही, उलट अधिक उपयोगी पडतो.

प्रत्यक्ष बाळंतपण करायचे असल्यास

त्यासाठी परिचर्येचे मान्यताप्राप्त शिक्षण आणि राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी आवश्यक आहे. बारावीनंतर एएनएमचा अभ्यासक्रम 2 वर्षांचा, तर जीएनएमचा 3 वर्षांचा असतो. विद्यार्थिनी देखरेखीखाली रुग्णालयात प्रसूतीचे काम शिकतात. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या व प्रसूतीचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी 18 महिन्यांचे मिडवाइफरी प्रशिक्षणही आहे.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सिझेरियनसह प्रसूती, औषधे, तपासण्या, रक्त आणि रुग्णालयातील मातेचा आहार मोफत आहे. सोबतीण म्हणून तुम्हीही त्या ठिकाणी मातेकडून किंवा तिच्या घरच्यांकडून पैसे मागू नका.